गिरिजाकाकूंचा उदयपूर प्लॅन

अमेरिकेतल्या हर्नडनमधलं कुणी भारतात निघालं आणि बोलता बोलता राजस्थानचा विषय आला, की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: "गिरिजाकाकूंचा उदयपूर प्लॅन मागवलास का?"

मागवायला फार काही लागत नसे. काकूंना नुसता मेसेज टाकायचा. दोन मिनिटांत लिंक यायची आणि लिंकच्या पाठोपाठ काकूंचा फोन. किती जण आहात, सासूबाई बरोबर आहेत का, त्यांना चालवतं का, मूल केवढं आहे, तिखट सोसतं का. मग त्या त्या माणसांच्या मापाचे तीन दिवस गिरिजा बेतून द्यायची. पहिल्या सकाळी ऊन चढायच्या आत जगदीश मंदिर, तिथून पायीच सिटी पॅलेस. दुपारी जेवून झोपा काढा, उगाच शहाणपणा करून उन्हातान्हात भटकू नका. चार वाजता पिछोला तलावातली बोट. सूर्यास्ताला अंबराई घाट, म्हणजे पाण्यापलीकडे अख्खा राजवाडा समोर येतो. दुसऱ्या दिवशी सहेलियों की बाडी आणि फतेहसागर, संध्याकाळी डोंगरावरचा सज्जनगड. तिसरा दिवस मोकळा ठेवा, कारण तिसऱ्या दिवशी माणसं भांडतात. हे शेवटचं वाक्य प्लॅनमध्ये खरंच लिहिलेलं होतं, आणि जाऊन आलेली मंडळी त्यालाच सगळ्यात जास्त दाद द्यायची.

गिरिजा स्वतः उदयपूरला कधी गेली नव्हती.

त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि ती लपवतही नसे. फक्त कुणी विचारत नसे. एवढं माहीत आहे म्हणजे गेलीच असणार, असं लोक धरून चालायचे.

वर्ध्याला तिच्या माहेरी स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल यायची. ती झाकायला वडिलांनी कापडदुकानाचं कॅलेंडर टांगलं होतं. वर्ष संपलं, पण ओल संपली नाही, म्हणून कॅलेंडरही राहिलं. त्यावर पाण्यात उभा असलेला पांढरा महाल होता. पोळ्या लाटता लाटता गिरिजानं तो नऊ वर्षं पाहिला. अख्खं घर पाण्यात असून याच्या भिंतींना ओल कशी येत नाही, हा तिला पडलेला पहिला प्रश्न. मग वाचनालयातली पुस्तकं, मग लग्न होऊन प्रल्हादबरोबर अमेरिकेत आल्यावर इंटरनेट. नोकरीच्या डे-केअरमधल्या मुलांना दुपारी झोपवलं, की ती फोनवर नकाशा उघडून जगदीश चौकातून गणगौर घाटापर्यंत बोटानं चालत जायची. कुठल्या वळणावर कुठलं दुकान आहे हे तिला हर्नडनपेक्षा तिथलं जास्त पाठ होतं.

जाणं तेवढं राहिलं होतं. भारतातली सुट्टी तीन आठवड्यांची, आणि तिच्यावर नातेवाइकांचा हक्क असायचा. एका खेपेला सासूबाईंचा मोतीबिंदू, एका खेपेला पुतण्याची मुंज, एकदा लेकीला, यामिनीला, जुलाब, एकदा नुसताच प्रल्हादला आलेला कंटाळा. निघण्याआधी प्रल्हाद एक्सेलची शीट करायचा, त्यात उदयपूरचे तीन दिवस हिरवे असायचे. विमानात बसेपर्यंत ते पांढरे झालेले असायचे.

या डिसेंबरात मात्र नाही. लग्नाला पंचवीस वर्षं होत होती, यामिनी ॲन आर्बरला कॉलेजात होती आणि तिला आई-बापाबरोबर कुठे यायचं नव्हतं. तिकिटं आली होती. एकोणीस, वीस, एकवीस डिसेंबर हिरवे होते. मुख्य म्हणजे प्रल्हादनं शब्द दिला होता. या वेळी काहीही झालं तरी, असं तोच म्हणाला होता.

उन्हाळ्यापासून मात्र तो जरा थंडच होता.

"काय आहे गं तिथे एवढं? तळंच ना शेवटी," असं तो एकदा म्हणाला.

"तू कुठे पाहिलंयस?"

"फोटो पाहिलेत की."

गिरिजानं ते मनावर घेतलं नाही. फोटो तिनंच दाखवले होते.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी ती डे-केअरमधून येऊन चहा टाकत होती, तेवढ्यात शिवांगीचा फोन आला. शिवांगी नागपूरची, हर्नडनमध्ये नोकरीला येऊन दोन वर्षं झालेली, वसंतात लग्न झालेली. नोव्हेंबरात नवरा आणि सासू-सासरे यांच्याबरोबर ती उदयपूरला जाणार होती.

"काकू, बिझी आहात का? एक कन्फ्यूजन आहे यार. सॉरी, यार नाही, काकू."

"बोल."

"माझ्याकडे तुमचा प्लॅन दोनदा आलाय. मागच्या वर्षीची एक पीडीएफ, ती उल्काताईनं दिली होती. आणि एक तुम्ही काल पाठवलेली लिंक. दोन्हींत डिफरन्स आहे. पीडीएफमध्ये आहे, सूर्यास्ताला अंबराई घाट. लिंकवर आहे, तासभर आधी पोचा, नाहीतर पायरीवर जागा मिळत नाही, पुढचे लोक उभे राहतात आणि आपल्याला सूर्याऐवजी त्यांच्या पाठी दिसतात. कुठलं फॉलो करू?"

"हे मी नाही लिहिलं."

"मला वाटलंच, स्टाइल वेगळी आहे. एक्स्पेक्टेड, अ‍ॅक्चुअल असं पण लिहिलंय मध्ये मध्ये." शिवांगी हसली. "काकांनी लिहिलंय ना? टेस्टर लोक असेच असतात. कधी जाऊन आलात तुम्ही? बोलला नाहीत."

चहा उतू आला होता. गिरिजानं गॅस बंद केला.

"लिंकवरचं फॉलो कर," ती म्हणाली. "ते बरोबर असेल."

प्लॅन मुळात तिच्या वहीत होता. प्रल्हादनं तो सहा वर्षांपूर्वी टाइप करून, मथळे-बिथळे देऊन ऑनलाइन टाकून दिला होता. लोक तो वाचू शकत. बदल फक्त दोघांना करता येत, तिला आणि त्याला. तिला तो उघडायची कधी गरजच पडत नसे, सगळा पाठ होता.

प्रल्हाद चोवीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होता. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या, आणि त्या कशा घडतात, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं हे नीट लिहून द्यायचं, ही त्याची नोकरी. पण नोकरी संपली तरी डोळे मिटत नसत. हॉटेलच्या मेनूकार्डावरची चूक तो वेट्रेसला बोलावून दाखवायचा. मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीचे छापील कागद वाटले, की खिशातून पेन काढून दुरुस्त्या करत बसायचा, आरती संपली तरी. चुकीचं काही तसंच सोडून देणं त्याला जमायचं नाही, जसं काही माणसांना उघडं कपाट तसंच सोडून जाता येत नाही.

गिरिजानं लिंक उघडली.

जगदीश मंदिर. तिनं लिहिलं होतं: 'आधी पायऱ्या, मग गरुड, मग देव.' खाली भर: 'पायऱ्या फार उंच आहेत. गुडघे दुखत असतील त्यांनी खालूनच नमस्कार करावा आणि इतरांच्या चपला सांभाळाव्यात.'

सज्जनगड. 'वर वारा भयंकर. कानाला काहीतरी बांधा. माकडं आहेत, हातात खायचं नको.'

सहेलियों की बाडी. तिनं लिहिलं होतं: 'टाळ्या वाजवल्या की कारंजी उडतात म्हणे. वाजवून बघा.' खाली: 'एक्स्पेक्टेड: टाळीनं कारंजं सुरू. अ‍ॅक्चुअल: मागे एक माणूस नळ फिरवतो. टाळी आपली उगाच.'

तिनं तारीख पाहिली. सगळी भर एकाच दिवशीची होती. बावीस फेब्रुवारी.

फेब्रुवारीत प्रल्हाद बारा दिवस भारतात गेला होता. एकटाच, अकोल्याला, भावाच्या फ्लॅटच्या कागदांवर सह्या करायला. गिरिजाला डे-केअरमधून सुट्टी नव्हती, आणि होती तेवढी डिसेंबरासाठी जपायची होती. बावीस तारखेचा शनिवार तिला आठवला, कारण त्या दिवशी दारात बर्फाची काच झाली होती. ती फोडून गाडीपर्यंत वाट करायला तिला दोन तास लागले. मग तिनं अकोल्याला फोन लावला होता. फोन लागला, पण मागे खूप गलका होता. "लग्नाला आलोय गं एका," प्रल्हाद म्हणाला होता. "इथे काय, दिवसभर छान ऊन होतं."

ती शुक्रवारभर काही बोलली नाही. तिला वाटत होतं, तो सांगेल. मग तिचं तिलाच हसू आलं. आठ महिने न सांगणारा माणूस शुक्रवारी का सांगेल?

शनिवारी दुपारी प्रल्हाद मागच्या अंगणातली पानं गोळा करत होता. गिरिजा बाहेर आली आणि पानांची कागदी पिशवी तोंडाशी ताणून धरून उभी राहिली. दर वर्षी तीच धरायची.

"सज्जनगडावर खरंच एवढा वारा असतो?" तिनं विचारलं.

त्याच्या हातातला पानं ओढायचा रेक थांबला. "कुणी सांगितलं?"

"तूच. लिहून ठेवलंयस. बावीस फेब्रुवारी."

तो पुन्हा पानं गोळा करायला लागला. "हिस्टरी बघितलीस होय," असं म्हणाला, ऑफिसातल्या मीटिंगमध्ये म्हणावं तसं.

"टाक पानं."

त्यानं पानं टाकली. "बॅचचं अचानक ठरलं गं. इंजिनिअरिंगला तीस वर्षं झाली म्हणून. परीक्षितनं सगळं बुक केलं. अकोल्याचं काम दोन दिवसांत उरकलं, मग हे सगळे मागेच लागले, चल म्हणून."

"बायका होत्या?"

"काही जणांच्या."

"किती जणांच्या?"

त्यानं रेक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "बहुतेक सगळ्यांच्याच."

"बरं."

"तुला सुट्टी नव्हती, गिरिजा."

"नव्हती. विचारलं असतंस तर नाही म्हणाले असते. तेवढं नाही म्हणायला तरी द्यायचंस."

"सांगणार होतो. इथे आलो तर तू तो डिसेंबरचा नकाशा काढून बसलेली. म्हटलं, आता सांगितलं तर तुला वाईट वाटेल."

"मग दुरुस्त्या कशाला केल्यास?"

आता मात्र प्रल्हाद खराखुरा गोंधळला. हा प्रश्न त्याला अन्यायाचा वाटला असावा.

"चुकीचं होतं ना ते. लोक फॉलो करतात तुझा प्लॅन. उद्या कुणाची सासू त्या पायऱ्यांवरून पडली असती म्हणजे?"

गिरिजाला क्षणभर हसूच येणार होतं. हा माणूस खोटं बोलू शकत होता, पण खोटं कागदावर ठेवू शकत नव्हता. पंचवीस वर्षांत हे तिच्या चांगलं ओळखीचं झालं होतं, आणि खरं म्हणजे आवडतंही. तिथेच थांबली असती तर संध्याकाळपर्यंत ती निवळली असती. पण तिनं आणखी एक विचारलं.

"तिथे सगळ्यांना फिरवलं कुणी?"

"फिरवलं म्हणजे, परीक्षितनं गाईड ठरवला होता. तो काहीबाही ठोकून देत होता. मी म्हटलं, राहू दे बाबा. मग मीच." त्याच्या चेहऱ्यावर अपराधाच्या खालून काहीतरी उजळायला लागलं, त्याला ते दाबता येईना. "तो तलावातल्या जगमंदिराचा इतिहास, ते पहिल्या दिवशी दुपारी झोपायचं, सगळं तू लिहिल्याप्रमाणे केलं. लोक एकदम खूश. परीक्षित म्हणाला, पल्या, लेका तू वर्गात कधी तोंड उघडलं नाहीस, आणि इथे काय गाईड झालायस. वहिनी तर सगळ्या माझ्यामागेच. मला कुणी असं कधी, म्हणजे..." तो थांबला.

"त्यांनी विचारलं नाही, तुला एवढं कसं माहीत?"

"विचारलं."

"मग?"

प्रल्हादनं रेकच्या दातांत अडकलेलं एक पान काढलं. मग दुसरं काढलं.

"काय सांगितलंस?"

"वाचन आहे म्हटलं."

शेजारच्या अंगणात कुणीतरी पानं उडवायचा ब्लोअर लावला होता, त्याचा आवाज येत राहिला. न विचारता गेला, हे गिरिजानं कसंबसं गिळलं असतं. लग्नाला आलोय म्हणाला, तेही. तिला वाटलं होतं, एवढ्या माणसांत निदान एकदा तिचं नाव निघालं असेल. हे सगळं माझ्या बायकोचं आहे, ती तिकडे बर्फ फोडतेय. एवढं एक वाक्य. त्याला काय लागत होतं?

"अगं, आता डिसेंबरात जातोच आहोत ना," तो म्हणाला, आणि आवाजात खरी माया होती. "उलट आता बरंच झालं. आता मला सगळं माहीत आहे. मी दाखवतो तुला."

गिरिजानं पिशवीचं तोंड दुमडलं. "भरली ही," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढचा आठवडाभर घरात बोलणं होतं, फक्त कामाचं. डिसेंबरचे तीन दिवस शीटवर हिरवेच होते. गिरिजा रोज ते उघडून बघायची. नकाशाही उघडायची, पण बोट जगदीश मंदिराच्या पायऱ्यांशी अडायचं. तिथे खाली प्रल्हाद गुडघा धरून चपला सांभाळत बसलेला असायचा, आणि भोवती त्याला हसणाऱ्या, लाडानं बोलणाऱ्या बायका. एवढ्या वर्षांत त्या पायऱ्यांवर तिला कधी कुणी माणूस दिसला नव्हता.

तिनं मनाशी एक वाक्य तयार केलं. भाजी चिरताना, मुलांचे डायपर बदलताना ती ते घोळवत राहिली.

रविवारी मंडळाचं दिवाळीचं जेवण होतं, एका शाळेच्या कॅफेटेरियात. लांब टेबलं, त्यावर कागदी ताटं, पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड. पोरं फराळाच्या टेबलाभोवती इंग्रजीत भांडत होती. गिरिजा श्रीखंड वाढत होती. प्रल्हाद शोभाकाकूंच्या शेजारी बसला होता. शोभाकाकू मंडळातल्या सगळ्यात जुन्या, त्र्याहत्तरीच्या. त्या बोलल्या की आजूबाजूचे गप्प बसत. त्यामुळे ते वाक्य बोलायला गिरिजाला हीच जागा बरी वाटली. तेवढ्यात शिवांगी ताट घेऊन आलीच.

"काकू, सासूबाई विचारतायत, बोट आधी की पॅलेस आधी? आणि त्या फाउंटनचं खरं काय आहे?"

गिरिजानं डाव खाली ठेवला. घरात ती त्याला नावानं हाक मारायची. मंडळात मात्र तो 'हे' व्हायचा.

"यांना विचार," ती जरा मोठ्यानं म्हणाली. "हे जाऊन आलेत उदयपूरला. फेब्रुवारीत, मित्रांबरोबर. मित्रांच्या बायकाही होत्या. मी नव्हते, मी इथेच होते."

झालं वाक्य. आता कुणीतरी म्हणेल, अहो प्रल्हादराव, आणि हिला सोडून? निदान शोभाकाकू तरी म्हणतील.

प्रल्हादनं तिच्याकडे पाहिलं. घाबरला होता.

"हो का?" शोभाकाकू म्हणाल्या. "मग इतके दिवस गप्प कसे? सांगा की. आमचं काही आता होणार नाही, ऐकू तरी."

"काका, सांगा ना," शिवांगीनं खुर्ची ओढली. आणखी दोघं-तिघं ताटं घेऊन सरकली. प्रल्हादनं घशातल्या घशात काहीतरी म्हणून पाहिलं. मग पायऱ्यांचं सांगितलं, अडखळत. मग माकडांचं. कारंज्याच्या माणसाचं सांगितलं तेव्हा सगळं टेबल हसलं, आणि तो सैलावला. हात हलवून बोलायला लागला. गिरिजा बघत होती. इथे तो सगळ्यांच्या मागे उभा राहून आरतीचे कागद तपासणारा माणूस होता, आणि आता लोक त्याच्याकडे माना वळवून बसले होते.

"पण खरं सांगू," तो म्हणाला, "बघायचा तो अंबराई घाट. ऊन उतरतं तसा समोरचा राजवाडा पिवळा होत जातो. मग दिवे लागतात, एक वर, एक पाण्यात. आमची बॅच म्हणजे नुसता कालवा हो, कॉलेजात प्रिन्सिपॉलसमोर गप्प बसली नाही कधी. पण तिथे चाळीस माणसं गप्प. परीक्षितच्या तर डोळ्यांत पाणी. कुणीच काही बोललं नाही, अंधार होईपर्यंत."

गिरिजाला हे माहीत नव्हतं. कुठल्या पुस्तकात नव्हतं, कुठल्या व्हिडिओत नव्हतं, आणि यानं दुरुस्त्यांमध्येही लिहिलं नव्हतं. तिथे फक्त जागा मिळत नाही एवढंच लिहिलं होतं. ती ऐकत राहिली होती. बाकीच्यांसारखीच, मान वळवून. हे लक्षात आल्यावर तिनं श्रीखंडाचा डाव पुन्हा हातात घेतला.

"आणि गिरिजाला कधी नेताय?" शोभाकाकूंनी विचारलं.

"डिसेंबरात," प्रल्हाद लगेच म्हणाला. "तीन दिवस ठेवलेत. सगळं दाखवणार आहे तिला. घाटावर तर तासभर आधीच नेऊन बसवणार."

"नशीबवान आहेस हो," शोभाकाकू तिच्याकडे वळून म्हणाल्या. "आमच्या यांनी मला कधी इथल्या बाल्टिमोरच्या पुढे नेलं नाही."

सगळे हसले. प्रल्हादही हसला आणि आशेनं तिच्याकडे बघू लागला.

"नाही हो काकू, या खेपेला जमणार नाही," गिरिजा म्हणाली. "यांच्या मावशी आहेत ना अकोल्याला, ब्याऐंशीच्या. ते तीन दिवस त्यांना दिलेत."

"कधी ठरलं हे?" प्रल्हादनं हळूच विचारलं.

"आज शीटवर टाकते."

त्याचा चेहरा उतरला. तिला वाटलं होतं, सुटलो असं त्याला वाटेल. पण तो खरंच उतरला, जत्रेतून उचलून घरी आणलेल्या मुलासारखा. म्हणजे त्याला मनापासून दाखवायचं होतं. हे तिला दिसलं. आता बोललेलं हसण्यावारी नेता येईल, असंही वाटून गेलं. शोभाकाकू तेवढा वेळ थांबल्याही होत्या. गिरिजानं शब्द मागे घेतला नाही.

"मोठ्यांचं करावंच," शोभाकाकू म्हणाल्या. "तळं काय, कुठे पळून जातंय?"

"तेच ना," गिरिजा म्हणाली.

तिनं प्रल्हादच्या ताटात श्रीखंड वाढलं, त्याला आवडतं म्हणून नेहमीपेक्षा थोडं जास्तच, आणि पातेलं उचलून पुढच्या टेबलाकडे गेली.